नाशिकचा लोकसभा निकाल नीट कसा बघायचा

आधी आपला मतदारसंघ कुठला ते बघा, कारण नाशिक जिल्हा म्हणजे सगळा नाशिक लोकसभा नाही, निफाड-येवला दिंडोरीत जातं आणि मालेगाव तर थेट धुळ्यात. मग निवडणूक आयोगाच्या रिझल्ट साइटवर उमेदवारनिहाय मतं बघायची. पण खरी गंमत फॉर्म २० मध्ये, म्हणजे अंतिम निकालाच्या तक्त्यात, त्यात बूथवाइज मतं असतात. २०२४ ला ठाकरे गटाच्या राजाभाऊ वाजेंनी शिंदे गटाच्या हेमंत गोडसेंना दीड लाखावर मतांनी हरवलं, त्यात वाजेंच्या सिन्नरची लीड केवढी होती ते तिथेच कळतं (सिन्नरकरांना सांगायची गरज नाही म्हणा!). टक्केवारी काढताना झालेलं मतदान भागिले एकूण मतदार, आणि मतदानाच्या संध्याकाळचा आकडा धरू नका, तो नंतर वाढतो.