ब्रोकरच्या एपीआयसाठी स्टॅटिक प्रॉक्सी: घ्यायची कुठली आणि तपासायची कशी

सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने घरून अल्गो (आपोआप ऑर्डर टाकणारा प्रोग्रॅम) चालवणाऱ्यांवर एक स्पष्ट अट घातली. ब्रोकरच्या एपीआयवरून (प्रोग्रॅमने थेट ऑर्डर टाकायच्या सोयीवरून) येणारी ऑर्डर आधी नोंदवलेल्या स्टॅटिक आयपीवरूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या न बदलणाऱ्या पत्त्यावरूनच आली पाहिजे. अंमलबजावणीच्या तारखा नंतर पुढे सरकल्या, अट मात्र कायम राहिली. घरच्या ब्रॉडबँडला किंवा मोबाइल डेटाला असा न बदलणारा आयपी सहसा नसतो, म्हणून बरेच जण स्टॅटिक प्रॉक्सी (कायम एकाच पत्त्यावरून विनंती पुढे पाठवणारा मधला सर्व्हर) विकत घ्यायला निघतात आणि घाईत चुकीची वस्तू घेऊन बसतात.

आधी गरज आहे का ते बघा. राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी', म्हणजे नेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता दिसतो. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. आयपीव्ही४ या जुन्या पत्ता-पद्धतीचे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत, ते पुरत नाहीत, म्हणून नेट कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटते. अशा पत्त्याची ब्रोकरकडे नोंद करून काही उपयोग नाही. नेट कंपनीला स्टॅटिक आयपीचं मासिक भाडं विचारा. ते परवडत असेल आणि तुम्ही कायम एकाच घरून काम करत असाल, तर प्रॉक्सीच्या भानगडीत पडूच नका, कारण मधला प्रत्येक दुवा म्हणजे बिघडायची एक जास्तीची जागा. दुसरा मार्ग म्हणजे मुंबईतला क्लाउड सर्व्हर घेऊन प्रोग्रॅम तिथेच चालवणं. त्यात एक खाच आहे: ॲमेझॉनच्या क्लाउडवर सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू केला की साधा सार्वजनिक आयपी बदलतो, त्यामुळे 'इलॅस्टिक आयपी' (तुमच्या नावावर टिकून राहणारा पत्ता) वेगळा जोडून घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी अर्धा सेंट, म्हणजे महिन्याला सुमारे ३.६५ डॉलर पडतात. प्रोग्रॅम घरच्याच संगणकावर ठेवायचा असेल, किंवा आज नाशिक, उद्या गावी असं फिरतं काम असेल, तर प्रॉक्सी सोयीची.

प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. तुमचा प्रोग्रॅम विनंती तिच्याकडे देतो, ती पुढे ब्रोकरकडे जाते आणि ब्रोकरला पत्ता दिसतो तो प्रॉक्सीचा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नोंदणीतली बहुतेक गडबड इथेच होते. ज्या पत्त्यावर तुम्ही जोडता तो प्रवेशाचा पत्ता आणि ब्रोकरला दिसतो तो बाहेर पडण्याचा पत्ता, हे दोन्ही एकच असतील असं नाही. पुरवठादार तुम्हाला एक गेटवेचं नाव आणि पोर्ट देतो, पण रहदारी भलत्याच आयपीवरून बाहेर पडते. ब्रोकरकडे नोंदवायचा तो बाहेर पडण्याचा आयपी. तो कळण्यासाठी प्रॉक्सीमधून 'माझा आयपी' दाखवणाऱ्या एखाद्या साइटला विनंती पाठवा. दिसणारा पत्ता आयपीव्ही४ चा आहे ना, तेही पाहा. काही प्रॉक्सी संधी मिळाली की आयपीव्ही६ ने (नव्या पद्धतीच्या पत्त्याने) बाहेर पडतात, आणि मग नोंद एका पत्त्याची, ऑर्डर दुसऱ्याच पत्त्यावरून, असा प्रकार होतो.

एपीआय की (ब्रोकरने तुमच्या प्रोग्रॅमला दिलेली गुप्त किल्ली) प्रॉक्सीवाल्याकडून चोरीला जाईल ही भीती योग्य आहे, पण ती नेमकी कुठे लागू पडते ते समजून घ्या. एचटीटीपीएसची विनंती प्रॉक्सीमधून जाते तेव्हा प्रोग्रॅम 'कनेक्ट' आज्ञेने ब्रोकरच्या ४४३ पोर्टपर्यंत एक बोगदा उघडून घेतो. कूटबद्धता तुमच्या आणि ब्रोकरच्या मधे असते. पुरवठादाराला ब्रोकरचं नाव, वेळ आणि किती डेटा गेला एवढंच दिसतं. हे संरक्षण दोन गोष्टींनी मोडतं: कोडमध्ये प्रमाणपत्राची पडताळणी बंद करून ठेवली तर, किंवा पुरवठादाराचं रूट प्रमाणपत्र (ज्याच्या शब्दावर संगणक इतर प्रमाणपत्रं खरी मानतो) संगणकावर बसवलं तर. तसं प्रमाणपत्र बसवायला सांगणाऱ्याकडून प्रॉक्सी घेऊ नका.

बाजारात तीन प्रकार दिसतील. डेटासेंटर प्रॉक्सीचा पत्ता सर्व्हर-केंद्राच्या नावावर असतो. आयएसपी प्रॉक्सी, म्हणजेच 'स्टॅटिक रेसिडेन्शियल', त्याचा पत्ता एखाद्या नेट कंपनीच्या नावावर असतो पण यंत्र डेटासेंटरमध्येच असतं, आणि तो महाग पडतो. तिसरा प्रकार फिरत्या रेसिडेन्शियलचा. त्यात लोकांच्या घरातल्या जोडण्या वापरल्या जातात आणि पत्ता बदलत राहतो. ऑर्डर टाकण्यासाठी मुंबईतली समर्पित डेटासेंटर प्रॉक्सी पुरेशी असते. तुमच्या ब्रोकरची फायरवॉल डेटासेंटरचे पत्ते अडवत असेल तरच आयएसपी प्रकाराचे जास्त पैसे मोजा.

फिरत्या प्रकारापासून मात्र लांब राहा. जाहिरातीत 'स्टिकी सेशन' (थोडा वेळ एकच पत्ता टिकवणं) लिहिलेलं असतं आणि ते स्टॅटिक वाटतं, पण तो पत्ता काही मिनिटं टिकतो आणि समोरच्या घरातलं यंत्र बंद झालं की जातोच. शिवाय ती घरं कुणाची, हा प्रश्न उरतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ९११ एस५ नावाचं जाळं उद्ध्वस्त केलं. फुकट व्हीपीएन ॲप बसवलेल्या लोकांच्या संगणकांवरून ते चालायचं आणि त्यात १.९ कोटी आयपी पत्ते होते. अशा कुणाच्या तरी नकळत वापरलेल्या जोडणीवरून आपल्या डीमॅटची ऑर्डर जावी असं कुणालाच वाटणार नाही.

'शेअर्ड' प्रॉक्सी स्वस्त असते, पण इथे ती चालत नाही. एकच आयपी दोन अनोळखी ग्राहकांच्या नावावर नोंदवता येत नाही. कुटुंबातल्या खात्यांना सवलत आहे, बाहेरच्यांना नाही. त्याच प्रॉक्सीवरच्या दुसऱ्या कुणी तुमच्याच ब्रोकरकडे आधी नोंद केली असेल तर तुमची नोंद फेटाळली जाईल. 'डेडिकेटेड' किंवा 'प्रायव्हेट' हा शब्द बिलावर असायला हवा.

पुरवठादाराला ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. हा आयपी नूतनीकरण होत राहील तोवर माझ्याकडेच राहील का? तुमच्या बाजूने बदलावा लागला तर किती दिवस आधी कळवाल? हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण ब्रोकरकडे नोंदवलेला आयपी एका कॅलेंडर आठवड्यात एकदाच बदलता येतो. मंगळवारी तुम्ही तो बदलला आणि बुधवारी पुरवठादाराने पुन्हा बदलला, तर पुढच्या आठवड्यापर्यंत एपीआयवरून ऑर्डर बंद. अपटाइमच्या (सेवा चालू राहण्याच्या) आकड्याचं गणितही करून बघा: ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटं बंद, ९९ टक्के म्हणजे सव्वासात तास. देखभालीची वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे काय आहे तेही विचारा, कारण अमेरिकेतल्या पुरवठादाराची 'मध्यरात्र' आपल्या बाजाराच्या वेळेत येते.

ओळखपत्र आणि वापराचं कारण मागणारा पुरवठादार संशयास्पद समजू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटासेंटर, व्हीपीएस (भाड्याचे आभासी सर्व्हर) आणि व्हीपीएन पुरवठादारांना ग्राहकांची पडताळलेली माहिती ५ वर्षं ठेवावी लागते. त्यानंतर काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढले आणि भारतीय दिसणारे पत्ते सिंगापूरसारख्या ठिकाणाहून पुरवायला सुरुवात केली. त्यामुळे आयपी शोधणाऱ्या साइटने 'मुंबई' दाखवलं म्हणजे यंत्र मुंबईत आहे असं धरून चालू नका. वेळ मोजा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन कमीत कमी ३९ मिलिसेकंद. ब्रोकरला आधी थेट आणि मग प्रॉक्सीमधून प्रत्येकी २० विनंत्या पाठवा आणि मधला आकडा घ्या. जोडणी एकदा उघडून तीच वापरा, नाहीतर प्रत्येक वेळी नवी जोडणी सुरू करण्याचा (हँडशेकचा) वेळ धरला जातो. फरक १०-२० मिलिसेकंदांचा असेल तर ठीक, ६० च्या वर असेल तर यंत्र तरी दूर आहे किंवा वाट तरी वाकडी.

आता जोडणी. पायथनच्या 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीमध्ये प्रॉक्सीच्या डिक्शनरीत 'एचटीटीपीएस' ही की भरलीच पाहिजे. फक्त 'एचटीटीपी' भरली तर ब्रोकरची विनंती कुठलीही तक्रार न करता थेट घरच्या आयपीवरून जाते. पासवर्डमध्ये @ किंवा # असेल तर त्यांच्या जागी %४० आणि %२३ लिहावं लागतं (कोडमध्ये इंग्रजी अंकांत), नाहीतर पत्ता चुकीच्या जागी तुटतो. ओळख पटवण्यासाठी युजरनेम-पासवर्ड निवडा. घरचा आयपी पुरवठादाराच्या परवानगी-यादीत टाकण्याचा पर्याय सीजीनॅटवर धोक्याचा आहे, कारण तोच पत्ता वापरणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही तुमची प्रॉक्सी उघडी होते. शेअरच्या किमतींचा थेट प्रवाह दिवसभर डेटा खातो. त्यालाही स्टॅटिक आयपी लागतो का ते ब्रोकरच्या कागदपत्रांत बघा, आणि लागत नसेल तर तो प्रॉक्सीबाहेर ठेवा.

चाचणीच्या काळात किमान ३ दिवस, बाजाराच्या ९:१५ ते ३:३० या ३७५ मिनिटांत दर मिनिटाला बाहेरचा आयपी नोंदवून ठेवा. मधे एकदा राउटर बंद-चालू करा. एकदाही वेगळा पत्ता आला तर पैसे परत मागा. पुढेही रोज सकाळी पहिल्या ऑर्डरआधी प्रोग्रॅमने स्वतः पत्ता तपासावा आणि जुळला नाही तर थांबावं.

४०७ हा एरर कोड आला तर प्रॉक्सीचा युजरनेम-पासवर्ड चुकला आहे. ब्रोकरकडून आयपी नामंजूर झाल्याचा संदेश आला तर आधी बाहेरचा पत्ता पाहा. सर्वात घातक तो टाइमआउट. उत्तर आलं नाही याचा अर्थ ऑर्डर गेली नाही असा होत नाही, ती पोचलेली असू शकते आणि फक्त परतीचं उत्तर प्रॉक्सीत अडकलेलं असतं. आपोआप पुन्हा पाठवू नका. आधी ऑर्डर बुक वाचा, मग ठरवा. अनेक ब्रोकर मुख्य आणि पर्यायी असे दोन आयपी नोंदवू देतात. पर्यायी आयपी दुसऱ्याच पुरवठादाराचा घ्या, एकाच कंपनीचे दोन बहुधा एकदमच बंद पडतात.

पुरवठादार सोडताना क्रम उलटा करू नका. आधी ब्रोकरकडच्या नोंदीतून तो आयपी काढा, मगच वर्गणी बंद करा. सोडलेला पत्ता पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो, आणि ब्रोकरकडची नोंद काढली नसेल तोवर तुमच्या एपीआय कीसाठी तो मंजूरच असतो.