दोन बिअर कॅनमधून स्पिरिटचा स्टोव्ह

एक किंवा दोन माणसांचा चहा, मॅगी, फार तर सूप, एवढ्यासाठी हा स्टोव्ह आहे. सहा जणांची खिचडी यावर करायची असेल तर वेळ वाया घालवू नका, गॅसच घ्या. पण अर्धा लिटर पाणी उकळायचं असेल तर दोन रिकाम्या कॅनचा हा स्टोव्ह पुरतो. वजन पंधरा-वीस ग्रॅम, पंप नाही, वॉशर नाही, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. स्वीडनचा ट्रँगिया पितळी बर्नर याच तत्त्वावर चालतो. आपण तो पितळेऐवजी ०.१ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात करणार आहोत, एवढाच फरक.

आधी तत्त्व समजून घ्या, म्हणजे कुठलं माप का घ्यायचं ते आपोआप कळेल. स्टोव्हला दोन भिंती असतात. मधल्या विहिरीत स्पिरिट ओतायचं. आतल्या भिंतीच्या बुडाशी असलेल्या खाचांमधून ते दोन भिंतींमधल्या पोकळीत जातं. काडी लावली की सुरुवातीला फक्त विहीर पेटते. त्या आचेने पत्रा तापतो आणि पोकळीतलं स्पिरिट ७८ अंशांना उकळून त्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वरच्या कडेची बारीक भोकंच काय ती मोकळी असतात, तिथून ती जोरात येते आणि पेटते. म्हणजे सगळी करामत वाफ कोंडण्यात आहे. सांधा गळका निघाला किंवा भोकं मोठी पडली की तुमच्या हातात स्टोव्हऐवजी एक महागडी पणती उरते.

काय काय लागेल

५०० मिलिलिटरचे बिअरचे दोन रिकामे कॅन. यांचा व्यास ६६ मिलिमीटर असतो. कोल्ड्रिंकचे सडपातळ कॅनही चालतात, पण सगळे एकाच व्यासाचे हवेत. लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर कॅन लोखंडी आहे, तो बाजूला ठेवा. त्याच व्यासाचा एक भरलेला, न उघडलेला कॅनही लागेल, साचा म्हणून. काम झाल्यावर त्याचं काय करायचं ते सांगायला नको.

शिवाय पेपर कटर आणि नवी पाती, जुनी कात्री, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, बोर्डाला लावायची पिन, मार्कर, पट्टी, दोन-तीन जाड पुस्तकं आणि फ्रिज-एसी दुरुस्तीवाले वापरतात ती अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी. हातात मोजे घाला. कापलेल्या कॅनची धार ब्लेडसारखी असते आणि ती जखम खोल जाते.

आधी भोकं, मग कापाकापी

बरेच जण आधी कॅन कापतात आणि मग त्या लुळ्या वाटीला भोकं पाडायला बसतात. उलट करा. कॅन अख्खा असताना बूड कडक असतं, पिन सरळ आत जाते.

एका कॅनच्या घेराएवढी कागदाची पट्टी कापा. ६६ मिलिमीटरच्या कॅनला ती साधारण २०७ मिलिमीटर भरते. ती चार वेळा दुमडली की सोळा सारखे भाग होतात. पट्टी बुडाजवळ गुंडाळा आणि प्रत्येक घडीसमोर मार्करने ठिपका द्या. ठिपका बुडाच्या कडेवर नको. कड जिथे संपते आणि कॅनचा उतार सुरू होतो, त्या उतारावर हवा. आता प्रत्येक ठिपक्यावर पिन टेकवून गोल गोल फिरवत आत घाला, ठोकू नका. भोक पाऊण मिलिमीटरच्या आसपास हवं, एक मिलिमीटर ही शेवटची हद्द. पिनेचं नुसतं टोक आरपार गेलं तरी चालतं, भोक नंतर मोठं करता येतं. लहान मात्र करता येत नाही.

आता याच कॅनच्या बुडातला आत दबलेला घुमट कापून काढायचा आहे. कड सोडून आत दोन-तीन मिलिमीटरवर कटरने वर्तुळ ओढा आणि त्याच रेघेवरून पंधरा-वीस वेळा हलक्या हाताने पातं फिरवा. जोर लावला तर पातं घसरतं आणि नेमकं भोकांवर जातं. रेघ पुरेशी खोल झाली की घुमटाला अंगठ्याने दाबा, तो एका बाजूने टक् करून सुटतो. आत राहिलेला तो दोन-तीन मिलिमीटरचा ओठ कापून टाकू नका, आतली भिंत त्याच्याच आधाराने उभी राहणार आहे. धार पॉलिश पेपरने मारा.

वाट्या कापणं

कटरचं पातं पुस्तकांच्या थप्पीवर आडवं दाबून धरा, टोक थोडं बाहेर ठेवा. कॅन टेबलावर उभा ठेवून पात्याला टेकवत फिरवत राहा. हात पात्याचा नाही, कॅनचा हलायला हवा, म्हणजे रेघ सुरुवातीला येऊन बरोबर मिळते. सात-आठ फेऱ्यांनंतर रेघेच्या खाली नखाने दाबलं की पत्रा झिपरसारखा सुटत जातो.

भोकं पाडलेल्या कॅनची वाटी बुडापासून २२ मिलिमीटर उंच कापा. ही वरची वाटी. दुसऱ्या कॅनची ३० मिलिमीटर कापा, ही खालची. दुसऱ्या कॅनचं उरलेलं नळकांडं फेकू नका, आतली भिंत त्यातून निघते.

दोन्ही वाट्या सारख्याच व्यासाच्या असल्याने एकीत दुसरी बसणार नाही. खालची वाटी किंचित ताणावी लागते. त्याआधी तिची कड ४०० नंबरच्या पेपरने गुळगुळीत करा. कटरने राहिलेला बारीकसा दात डोळ्याला दिसतही नाही, पण ताण बसला की पत्रा तिथूनच उभा फाटतो. बोट हळूच फिरवलं की दात लागतो. मग भरलेल्या कॅनचं बूड वाटीच्या तोंडात ठेवून, फिरवत फिरवत दहा मिलिमीटर आत दाबा आणि काढा. भरलेलाच कॅन का? रिकामा असेल तर वाटी ताणायच्या ऐवजी तोच चेपतो.

आतली भिंत

उरलेल्या नळकांड्यातून ४२ मिलिमीटर रुंद आणि १८० मिलिमीटर लांब पट्टी कापा. ती गोल करून खालच्या वाटीच्या बुडाला जी गोल खोबण आहे तिच्यात उभी ठेवा आणि हाताने सोडा. पट्टी आपोआप उलगडून खोबणीच्या बाहेरच्या बाजूला टेकते. टोकं एकमेकांवर जिथे येतात तिथे दोन्हींवर खूण करा. बाहेर काढून एका खुणेवर वरून २१ मिलिमीटर आणि दुसऱ्या खुणेवर खालून २१ मिलिमीटर चीर द्या. चिरा एकमेकींत अडकवल्या की गोंदाशिवाय नळी तयार. खालच्या कडेला सारख्या अंतरावर तीन खाचा पाडा, प्रत्येक पाच मिलिमीटर रुंद आणि चार उंच. ऑफिसातल्या पंचने कडेवर अर्धं भोक पाडलं तरी काम होतं.

हे ४२ आलं कुठून? ३० आणि २२ मिळून ५२, त्यातले १० मिलिमीटर वाट्या एकमेकींत जाणार. तुम्ही वाट्यांचं माप बदललंत तर भिंतीचंही बदला. भिंत आखूड पडली की वर फट राहते, पोकळीतली वाफ थेट विहिरीत जाते आणि भोकं पेटतच नाहीत. बाहेरून स्टोव्ह अगदी बरोबर दिसत असतो, म्हणून ही चूक सापडायला वेळ लागतो.

जोडणी

नळी खालच्या वाटीच्या खोबणीत ठेवा, खाचा खाली. वरची वाटी उलटी करून खालचीच्या तोंडावर टेकवा. एक बाजू आत जाते आणि दुसरी अडते, हे ठरलेलं आहे. अडलेल्या जागी कॅनच्या पत्र्याची पातळ पट्टी दोन कडांच्या मध्ये सरकवून तिच्यावरून वाटीची कड आत घसरवा, पायात बूट चढवताना पट्टी लावतात तसं. सगळी कड आत गेली की पट्टी काढा. आता स्टोव्ह सपाट जागी ठेवा, वर पोळपाट ठेवा आणि तळहाताने सगळीकडून सारखा दाब द्या. मध्येच थांबून आत डोकावा. नळीची वरची कड ओठाच्या मागच्या खोबणीत बसायला हवी. ती आत विहिरीकडे निसटलेली दिसली तर पेन्सिलीने बाहेर ढकला आणि मग पुढे दाबा. एकूण उंची ४२ मिलिमीटर झाली की थांबा.

पेटवण्याआधी विहिरीत ३० मिलिलिटर पाणी घालून वर्तमानपत्रावर पंधरा मिनिटं ठेवा, थोडं तिरकंही करून बघा. कागद ओला झाला तर सांध्यावर बाहेरून अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीचा एक वेढा द्या. साधं इपॉक्सी वापरू नका, ते आचेने मऊ होऊन सुटतं.

भांड्याची बैठक

टोप थेट स्टोव्हवर ठेवला तर हवा न मिळून तो विझतो. भोकांपासून टोपाच्या बुडापर्यंत २५ ते ३० मिलिमीटर अंतर लागतं. रसगुल्ल्यांचा एक किलोचा टिनचा डबा यासाठी झकास आहे. व्यास सुमारे दहा सेंटिमीटर, आणि वाऱ्याला आडोसाही होतो. दोन्ही तोंडं उघडी करून पत्र्याच्या कात्रीने ७० मिलिमीटर उंच कडं कापा. खालच्या कडेजवळ आठ-दहा मिलिमीटरची बारा भोकं आणि वरच्या कडेला दीड सेंटिमीटर रुंद, एक सेंटिमीटर खोल अशा सहा खाचा पाडा. खालून हवा येते, वरून जळका वायू जातो. वरच्या खाचा विसरलात तर ज्योत पिवळी, धुरकट होते.

इंधन

डिनेचर्ड स्पिरिट, म्हणजे लाकडाच्या पॉलिशला सुतार वापरतात ते. रंगाच्या दुकानात मिळतं. यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असल्याने दुकानदाराने कशाला हवं असं विचारलं तर सरळ सांगा. आधीच लाखदाणा मिसळलेलं तयार पॉलिश घेऊ नका, भोकं बुजतात. आयसोप्रोपिल जळतं, पण काजळी धरतं. सॅनिटायझरची जेल नको. फेणी किंवा देशी ४०-४५ टक्क्यांच्या आसपासची असते, उरलेलं सगळं पाणी, तिच्यावर चहा होणार नाही. मेथॅनॉल कोणी स्वस्तात दिलं तरी घेऊ नका. त्याची वाफ आणि कातडीवरचा स्पर्शही घातक असतो, आणि पोटात गेलं तर काय होतं ते मुंबईत मालाडच्या मालवणी भागातल्या २०१५ च्या विषारी दारूकांडाने दाखवलेलं आहे. डिनेचर्ड स्पिरिटही विषच, म्हणून पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. अंधारात तहानलेला माणूस वास घेत बसत नाही. वेगळ्या आकाराची बाटली घ्या आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

अर्धा लिटर पाण्याला वारा नसताना २० ते २५ मिलिलिटर आणि सात ते नऊ मिनिटं धरा. विहिरीत एका वेळी ४० च्या वर नको. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरला, पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उकळी लवकर येते पण डाळ-तांदूळ शिजायला जास्त वेळ लागतो. मंद आच या स्टोव्हला जमतच नाही. उकळी आली की टोप टॉवेलात गुंडाळून ठेवणं हाच उपाय.

पेटवताना, आणि बिघडलं तर

पहिला जाळ घराबाहेर, भांड्याशिवाय. कॅनच्या आतला लाखेसारखा थर आणि बाहेरचा रंग जळून घाण वास येतो. त्यानंतर नेहमीसाठी: स्पिरिट ओता, बाटली बंद करून दूर ठेवा, विहिरीत काडी लावा, ३० ते ४५ सेकंद थांबा. कडेच्या सोळा ज्योती उभ्या राहिल्या की मगच टोप. घाईने थंड टोप ठेवला की ज्योती बसतात आणि पुन्हा लवकर उठत नाहीत.

ज्योती उठतच नसतील तर थंडी जास्त आहे, सांधा गळतोय किंवा भिंतीवर फट आहे. थंडीत स्टोव्हखाली एखाद्या झाकणात चमचाभर स्पिरिट पेटवून बूड तापवा. सांध्यातूनच ज्योत येत असेल तर चिकटपट्टी. एकाच बाजूच्या ज्योती मोठ्या असतील तर जमीन तिरकी आहे, खाली चपटा दगड सारा. दोन-तीन ज्योती नाहीतच, तर ती भोकं सुईने मोकळी करा. सगळ्याच ज्योती लांब, पिवळ्या आणि टोपाच्या बाहेर येणाऱ्या असतील तर भोकं मोठी झालीत. तो स्टोव्ह भंगारात टाका आणि दुसरा करा.

दिवसा ही ज्योत दिसत नाही. विझला असं वाटलं तरी हातभर वरून तळहात धरून आच बघा. पेटत्या किंवा नुकत्या विझलेल्या स्टोव्हमध्ये स्पिरिट ओतायचं नाही, या बाबतीत अपवाद नाही. ज्योत धारेवरून बाटलीत शिरते. थंड होऊ द्या, हातात धरता आला की भरा. विझवायला फुंकर मारू नका, स्टोव्हपेक्षा मोठा स्टीलचा डबा उपडा घाला. तंबूच्या आत पेटवायचा नाही. आग लागण्याइतकाच धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे.

सह्याद्रीत दिवाळीनंतर गवत वाळलं की मातीवर नव्हे, कातळावरच बसा, भोवती वीतभर गवत साफ करा आणि शेजारी पाण्याची बाटली ठेवा. स्पिरिट पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाणी ओतलं तर ते विझतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात जाणार असाल तर जाळाबाबत वनखात्याच्या चौकीवर आधी विचारा. आणि कसाऱ्याला लोकलने जायचं असेल तर स्पिरिट बरोबर नेता येत नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली तो गुन्हा आहे. स्टोव्ह रिकामा न्या आणि पुढचं इंधन गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात घ्या.

सॅकमध्ये नुसता टाकला तर स्टोव्ह पहिल्याच दिवशी चेपतो. चहाच्या स्टीलच्या मगात कापडात गुंडाळून ठेवा आणि त्याच कापडाला एक सुई टोचून ठेवा, भोकं मोकळी करायला.