स्टोरेज यंत्रणेतील एन्क्रिप्शनचे कच्चे दुवे कसे शोधावेत आणि कसे दुरुस्त करावेत

मोठ्या संस्थेच्या स्टोरेज यंत्रणेची तपासणी सुरू झाली की "आमच्याकडे एईएस-२५६ आहे" (एईएस म्हणजे डेटा एन्क्रिप्ट करण्याची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करण्याची, प्रमाण पद्धत) हे उत्तर सर्वांत आधी मिळते, आणि बहुधा ते खरेही असते. मात्र २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या एईएसमध्ये प्रत्यक्ष हल्ल्याला उपयोगी पडेल अशी फट सापडलेली नाही. फटी असतात त्या त्याच्या आजूबाजूला: डेटा एका यंत्रातून दुसऱ्यात जातो त्या वाटेवर, एखाद्या जुन्या उपकरणासाठी चालू ठेवलेल्या प्रोटोकॉलमध्ये (यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांत) आणि किल्ल्या, म्हणजे डेटा बंद करणारे व उघडणारे गुप्त अंक, सांभाळण्याच्या पद्धतीत. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी डेटाच्या सगळ्या वाटा कागदावर उतरवाव्यात.

प्रत्येक वाटेसमोर प्रोटोकॉल आणि त्याची आवृत्ती, एन्क्रिप्शन कुठे सुरू होते, कुठे संपते आणि किल्ली कोणाच्या ताब्यात आहे, एवढे लिहावे. सर्व्हर ते स्टोरेज ही वाट सर्वांना आठवते. दुसऱ्या केंद्राकडे जाणारे रेप्लिकेशन (डेटाची सतत प्रत पाठवणे), बॅकअप आणि व्यवस्थापनाचे वेबपान मात्र सुटतात. त्यातही रेप्लिकेशनकडे विशेष लक्ष द्यावे, कारण डिस्कवरचा डेटा एन्क्रिप्ट केलेला असला तरी स्टोरेज चालवणारा कंट्रोलर तो वाचताना उलगडतो, आणि त्या दुव्यासाठी वेगळे एन्क्रिप्शन लावलेले नसेल तर तोच डेटा पुढे उघडा प्रवास करतो.

हा तक्ता तयार झाला तरी त्यावर विसंबू नये. चाचणीसाठी राखलेल्या व्हॉल्यूमवर (स्टोरेजच्या वेगळ्या भागावर), रीतसर परवानगी घेऊन, एकच विचित्र ओळ असलेली फाइल तयार करावी, उदाहरणार्थ "निळा पोपट ४७११९". ती कॉपी होत असताना टीसीपीडंप या साधनाने नेटवर्कवरून जाणारे पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, टिपून घ्यावेत आणि ते उलगडून दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये तीच ओळ शोधावी. ती जशीच्या तशी दिसली तर ती वाट उघडी आहे, मग सेटिंगच्या पानावर काहीही लिहिलेले असो. ओळ सापडली नाही म्हणून लगेच निर्धास्तही होऊ नये. पॅकेट योग्य इंटरफेसवर टिपले होते का आणि मधे डेटा काँप्रेस तर झाला नव्हता ना, हे पाहून घ्यावे.

एनएफएसमध्ये (नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या प्रोटोकॉलमध्ये) हमखास होणारी चूक म्हणजे कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची यंत्रणा लावली की डेटा झाकला गेला असे समजणे. "केआरबी५" या पर्यायाने फक्त ओळख पटते, "केआरबी५आय"ने डेटात वाटेत बदल झाला असल्यास तो कळतो, आणि मजकूर खऱ्या अर्थाने झाकला जातो तो "केआरबी५पी"ने. नेटवर्कवरून डिस्क जोडणाऱ्या आयस्कझीमध्ये सीएचएपी या लॉगिन-पद्धतीची गतही तशीच आहे: ते लॉगिन तपासते, डेटाला हात लावत नाही, त्यामुळे तिथे नेटवर्कवरचा डेटा एन्क्रिप्ट करणाऱ्या आयपीसेकची जोड द्यावी लागते. एसएमबी या विंडोजमधील फाइल-वाटपाच्या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती पूर्णपणे काढून टाकावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारे मालवेअर पसरले ते तिच्याच अंमलबजावणीतील त्रुटीवाटे. एन्क्रिप्शन एसएमबी ३ पासून मिळते, परंतु शक्य असेल तिथे ३.१.१ सक्तीचे करावे, कारण तिच्यात सुरुवातीच्या वाटाघाटीत कोणी ढवळाढवळ केली तर ती ओळखण्याची सोय आहे.

नेटवर्कवरची जोडणी एन्क्रिप्ट करणाऱ्या टीएलएस या प्रोटोकॉलच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये औपचारिकपणे बाद ठरल्या. १.३ हाच पहिला पर्याय ठेवावा. १.२ ठेवणे भागच असेल तर ईसीडीएचई किल्ली-विनिमय (दोन्ही बाजूंनी दर जोडणीला नवी किल्ली ठरवण्याची पद्धत) आणि एईएस-जीसीएम (डेटा झाकून त्यातील फेरफारही ओळखणारा एईएसचा प्रकार) यांचीच जोडी चालू ठेवावी, आणि आरसी४, ट्रिपल डीईएस व सीबीसी प्रकारचे सायफर, म्हणजे एन्क्रिप्शनच्या जुन्या पद्धती, यादीतून काढावेत. जुनी आवृत्ती केवळ यादीत शेवटी ढकलणे पुरेसे नाही. २०१४ मधील पूडल हल्ल्याने दाखवून दिले की मधे बसलेला हल्लेखोर दोन्ही बाजूंना मुद्दाम जुन्या आवृत्तीवर उतरवू शकतो.

बंद करण्याची घाईही नको. किमान एक पूर्ण महिना जोडण्यांचे लॉग पाहून जुन्या आवृत्तीवर नेमके कोण येते ते शोधावे, कारण महिनाअखेरीस एकदाच आपोआप चालणारे काम (जॉब) आठवड्याच्या लॉगमध्ये दिसणार नाही. अद्ययावत होऊच न शकणारे उपकरण वेगळ्या नेटवर्कमध्ये ठेवावे, पण त्याच्यापायी संपूर्ण यंत्रणा कच्ची ठेवू नये. आणि त्रुटीतून किल्ली बाहेर गेली असण्याची शक्यता असेल, तर पॅच लावून काम संपत नाही: एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या, टीएलएससाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधील हार्टब्लीड या त्रुटीनंतर त्याची १.०.१जी आवृत्ती बसवणे ही अर्धीच दुरुस्ती होती, नव्या खासगी किल्ल्या बनवून जुनी प्रमाणपत्रे रद्द करणे ही उरलेली अर्धी.

आता एक बारकावा, जो स्टोरेजच्याच दुनियेत जास्त घातक ठरतो. जीसीएम पद्धतीत एकाच किल्लीखाली नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायचा अंक, पुन्हा वापरला गेला तर दोन मजकुरांमधील संबंध उघड होतो आणि बनावट डेटा खरा म्हणून खपवण्याची वाटही मोकळी होते. समजा, नॉन्सचा काउंटर एखाद्या व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कवर साठवला जातो, आणि एका बिघाडानंतर ती मशीन कालच्या स्नॅपशॉटवर (त्या क्षणाच्या साठवलेल्या प्रतीवर) परत नेली. काउंटरही कालच्या आकड्यावर गेला, आणि पुढच्या प्रत्येक लेखनाला कालचाच नॉन्स लागला. कुठेही चूक दाखवणारा संदेश येत नाही. म्हणून स्नॅपशॉटवरून मशीन पुन्हा उभी केली की नवी डेटा-किल्ली घेण्याचा नियमच करावा. नॉन्स यादृच्छिक ९६ बिटांचा असेल तर एका किल्लीखाली २ च्या ३२व्या घातापेक्षा जास्त वेळा एन्क्रिप्शन करू नये. डिस्कसाठी वापरला जाणारा एईएसचा एक्सटीएस प्रकार या धोक्यातून सुटतो, पण डेटात कोणी फेरफार केला तर तो ओळखत नाही. ती तपासणी वरच्या थरात करावी लागते.

किल्ल्यांचा सर्व्हर ज्या स्टोरेजला किल्ल्या पुरवतो, त्याच स्टोरेजवर कधीही ठेवू नये. वीज जाऊन सगळे एकदम बंद पडले की स्टोरेज किल्लीसाठी थांबते, किल्ली स्टोरेजसाठी थांबते, आणि दोन्ही उठत नाहीत.

किल्ली बदलतानाही नेमके काय बदलते आहे हे माहीत असावे. बहुतेक यंत्रणांत डेटा एका किल्लीने बंद होतो आणि ती किल्ली दुसऱ्या, वरच्या किल्लीने. वरची बदलणे काही क्षणांचे काम असते, आणि नेहमीच्या फेरबदलाला ते पुरते. परंतु डेटा-किल्लीच फुटल्याचा संशय असेल तर सगळा डेटा नव्या किल्लीने पुन्हा लिहावा लागतो, जुने स्नॅपशॉट आणि बॅकअपच्या टेपसुद्धा त्यात येतात. जुनी किल्ली नष्ट करण्यापूर्वी तिच्यावर अवलंबून असलेल्या प्रतींची यादी करावी आणि त्यांतील सर्वांत जुनी प्रत नव्या किल्लीखाली घेऊन, वेगळ्या मशीनवर प्रत्यक्ष रिस्टोअर करून, फाइल उघडून पाहावी. ती उघडली, आणि यादीतील इतर प्रतींचेही पुनर्लेखन पूर्ण झाल्याची नोंद हातात आली, की मगच जुनी किल्ली पुसावी.