संगणकावर जन्मलेल्या साहित्याचे संपादन करू इच्छिणाऱ्यांसाठी

छापील ग्रंथांची पाठचिकित्सा, म्हणजे निरनिराळ्या प्रती ताडून पाठ ठरवण्याची विद्या, शिकून या क्षेत्रात येणाऱ्यांना मी पहिल्यांदा एवढेच सांगतो, की संगणकावर जन्मलेल्या कृतीत पडद्यावरची अक्षरे म्हणजे संपूर्ण पाठ नव्हे; ती अक्षरे केव्हा उमटतात, किती वेळ थांबतात आणि वाचकाने काय केले असता बदलतात, हेही पाठातच मोडते.

जुन्या प्रोग्राममध्ये कवितेच्या ओळी सावकाश याव्यात म्हणून पुष्कळदा नुसते रिकामे लूप (काहीही न करता वेळ घालवणाऱ्या आज्ञांची आवर्तने) फिरवलेले असत. तेव्हाचे प्रोसेसर संथ असल्याने दोन ओळींमध्ये वाचण्यापुरता अवधी मिळे. तोच प्रोग्राम आजच्या वेगाने चालवला, तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळी कविता संपते. अशा एका कृतीवर काम करताना आम्ही कोडला हात लावला नाही. जुन्या यंत्रावर ती चालवून तिचे चित्रीकरण केले, त्याच्याशी ताडून पाहत इम्युलेटरचा, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, वेग ठरवला आणि तो आकडा कारणासह टीपेत नोंदवला. कोड सुधारून घेणे सोपे होते, पण मग आमची दुरुस्ती लेखकाच्या नावावर गेली असती.

फ्लॉपी हाती आली की ती उघडून पाहण्याची घाई करू नये. आधी लेखनरोधक (फ्लॉपीवर काही लिहिले जाऊ न देणारे साधन) जोडून तिची संपूर्ण डिस्क इमेज, म्हणजे तंतोतंत प्रत, घ्यावी, चेकसम (प्रत बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडा) काढून ठेवावा आणि पुढचे सारे काम प्रतीवरच करावे. जुन्या संगणकांच्या फायली नुसत्या कॉपी केल्या, तर तारखा बदलतात आणि कधी कधी फायलीचा अर्धा भागही मागे राहतो.

आवृत्तींचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. मायकेल जॉइस यांची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ ही हायपरटेक्स्ट, म्हणजे दुवे निवडत वाचायची, कथा १९८७ साली लिहिली गेली, १९९० मध्ये ईस्टगेट या प्रकाशनसंस्थेने प्रकाशित केली आणि पुढे वेगवेगळ्या संगणकांसाठी तिच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. तेव्हा कोणती आवृत्ती, कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या प्रणालीत वाचली, हे न सांगता केलेले विधान पडताळता येत नाही. हस्तलिखितांच्या संपादकाला ही शिस्त अंगवळणी पडलेली असते, आणि म्हणूनच मला वाटते की पाठचिकित्सेची जाण असलेला माणूस इथे नुसत्या तंत्रज्ञापेक्षा जास्त उपयोगी पडतो. कोड मात्र निदान वाचता आलाच पाहिजे.

ब्राउझरमध्ये हलती चित्रे आणि परस्परसंवादी कृती चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपल्यावर असंख्य कृती ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. रफलसारख्या, फ्लॅशची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरमुळे त्यांतल्या बऱ्याच पुन्हा दिसतात, पण सगळ्या पूर्वीसारख्या वागतातच असे नाही. म्हणून चालती प्रत, मूळ फायली आणि वाचनाचे चित्रीकरण ही तिन्ही एकत्र प्रकाशित करावीत, असा माझा आग्रह असतो.

परवानग्यांचा पत्रव्यवहार संपादनाच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करावा, कारण लेखकाने होकार दिला तरी कृतीतले संगीत, फॉन्ट आणि ती चालवणारे सॉफ्टवेअर यांचे हक्क अनेकदा निरनिराळ्या हातांत असतात, आणि त्यांपैकी एखाद्याचा मालक शोधण्यातच संपादनाहून अधिक काळ जाऊ शकतो.