खोलीतले स्टुडिओ मॉनिटर माइकने मोजून कसे जुळवावेत

मुंबईत घरच्या स्टुडिओसाठी मिळते ती बहुधा दहा बाय बाराची बेडरूम. एका भिंतीला कपाट, मागे पलंग. तिथे कितीही महागडे मॉनिटर (म्हणजे मिक्सिंगसाठीचे स्पीकर) आणा, मिक्स, म्हणजे जुळवून तयार केलेलं गाणं, गाडीत वाजवला की बेस कुठेतरी फुगतो नाहीतर गायब होतो. दोष मॉनिटरचा कमी, खोलीचा जास्त. म्हणून माइक हातात घेण्याआधी बसायची जागा ठरवा.

12 फुटी खोलीत बरोबर मधोमध बसू नका. तेवढ्या लांबीत साधारण 47-48 हर्ट्झच्या सुराची अर्धी लहर मावते आणि मधोमध तो सूर जवळजवळ मरतो. समोरच्या भिंतीपासून साधारण साडेचार फुटांवर कान येतील असं बसून सुरुवात करा. दोन मॉनिटर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण हवा, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. मॉनिटर भिंतीला चिकटवावेच लागले तर बऱ्याच मॉनिटरांच्या मागे बेस कमी करायचा स्विच असतो, तो वापरा.

माइक गायनाचा चालत नाही, मोजणीचाच लागतो. मिनीडीएसपीचा यूमिक-1 थेट यूएसबीला लागतो. बेहरिंगरच्या ईसीएम8000 ला इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आणि फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच मिळणारी वीज, हवी. यूमिक-1 च्या सिरीयल नंबरवरून त्याच्या कॅलिब्रेशन फाइली (त्या माइकची चूक भरून काढणाऱ्या) उतरवून घ्या. माइक मॉनिटरांकडे रोखला असेल तर 0 अंशाची, छताकडे उभा असेल तर 90 अंशाची. इथे गफलत झाली तर वरचे सूर चुकीचे दिसतात आणि माणूस उगाच ट्वीटरला दोष देतो.

रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर मोफत आहे. खुर्ची बाजूला सारा, स्टँडवर माइक नेमका डोक्याच्या जागी आणा. पंखा, एसी बंद. बऱ्याच सोसायट्यांत दुपारी 2 ते 4 ड्रिल-हातोडा बंद असतो, ती वेळ साधा. रात्री शांतता जास्त असते खरी, पण 20 हर्ट्झपासून चढत जाणारी शिट्टी ऐकून शेजारचे काका बेल वाजवणारच. मध्येच खालून टेम्पो गेला तर ती मोजणी टाकून द्या.

आधी पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला खळखळाट) लावून एकेक मॉनिटर 75 डेसिबलच्या आसपास आणा. डावा-उजवा अर्ध्या डेसिबलच्या आत जुळले पाहिजेत. मग स्वीप, म्हणजे ती चढत जाणारी शिट्टी: डावा, उजवा, दोन्ही. दोन्ही एकत्र वाजवल्यावर बेस वाढण्याऐवजी बसला तर एखादी केबल उलटी जोडलेली नाही ना, ते आधी बघा. स्वीप खालच्या सुरांवरून जाताना लोखंडी कपाटाच्या मुठीला लटकलेल्या किल्ल्या झणझणल्या तर त्या काढून पुन्हा घ्या. नंतर डोक्याभोवती फूटभराच्या आत माइक चार-पाच जागी हलवून सरासरी काढा. एकाच बिंदूवरच्या आलेखावर विश्वास ठेवू नये.

आता आलेख वाचायचा. डोंगर (जास्त वाजणारे सूर) दिसतील आणि खड्डेही (कमी वाजणारे). नवखा माणूस पहिल्यांदा खड्डा भरायला धावतो, आणि तेच करायचं नाही. मॉनिटरचा थेट आवाज आणि भिंतीवरून परतलेला आवाज एकमेकांना खोडतात तिथे खड्डा पडतो. ईक्यूने (ठरावीक सूर कमी-जास्त करायच्या साधनाने) तो सूर 6 डेसिबल चढवला तर परतणारा आवाजही तेवढाच चढतो, खड्डा तसाच राहतो आणि अँप फुकट दमतो. खड्ड्यावर उपाय मॉनिटर किंवा खुर्ची सरकवण्याचा. अर्धा फूट सरकवा, पुन्हा स्वीप घ्या. कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड बास ट्रॅप (बेस शोषणारे गठ्ठे) बसले तर उत्तम. पातळ फोम बेसला काहीही करत नाही, दुकानदार काहीही सांगो.

डोंगर मात्र ईक्यूने खुशाल कापा. साधारण 300 हर्ट्झच्या खालीच काम करा, वरच्या बाजूला शक्यतो हात लावू नका. आलेख सपाट रेष व्हायची गरज नाही. बेसकडून वर जाताना हळूच उतरत गेला तर कानाला बरा वाटतो.

ईक्यूचे हे फिल्टर लावून एकदा परत मोजा. ईक्यू रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या मास्टर ट्रॅकवर (जिथून सगळं गाणं बाहेर पडतं) प्लगइन म्हणून बसवला असेल, तर मिक्स एक्स्पोर्ट करताना तो बंद करा, नाहीतर तुमच्या खोलीचा इलाज गाण्यातच छापला जाईल. हेडफोन लावतानाही तेच.