जुनी मारुती ८०० लीन चालतेय? स्क्रूला हात शेवटी लावा

इंजिन गरम झाल्यावरही चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून हवा अडवणारी झडप) थोडा ओढला की गाडी सरळ चालते, आत ढकलला की झटके देते, तर मिक्श्चर लीन आहे असं समजायचं. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पिकअप देताना क्षणभर दम सोडणं, कार्ब्युरेटरमधून (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) फट्‌ फट्‌ आवाज आणि प्लगचं टोक पांढरंफटक, ही त्याचीच लक्षणं. प्लग, टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) ठीक आहेत ना, एवढं आधी बघून घ्या.

आमची गाडी १९९६ ची, कोल्हापुरात वाढलेली. अशी गाडी गॅरेजला नेली की बहुतेक जण पहिल्यांदा कार्ब्युरेटरवरचा मिक्श्चर स्क्रू फिरवतात. आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं संथ चालणं) सुधारतं, आठवड्याभरात पुन्हा तेच. त्या स्क्रूचा अंमल आयडलिंगपुरताच असतो, आणि मूळ दोष जिथे होता तिथेच राहतो.

म्हणून आधी एकच प्रश्न विचारा: त्रास कधी होतो?

आयडलिंगला थरथरते, पण रस्त्यावर बरी पळते, तर कुठून तरी हवा ओढतेय. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) बंद असताना मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) व्हॅक्यूम सर्वांत जोरात असतो आणि इंजिन हवा थोडीच घेत असतं, त्यामुळे बारीकशी चीरही तिथे मोठी ठरते. थ्रॉटल उघडला की तीच चीर जाणवत नाही.

ही गळती शोधायला इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये साधं पाणी घ्या. इंजिन आयडलिंगवर ठेवून कार्ब्युरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर आणि थ्रॉटलची दांडी बाहेर येते तिथे एकेक थेंब सोडा. डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना वीज वाटणारा डबा) पाणी उडू देऊ नका. थेंब आत खेचला गेला आणि इंजिनचा आवाज बदलला की जागा सापडली. पेट्रोल शिंपडून ही चाचणी करणारे लोक आहेत. गरम इंजिनावर तो आगीशी खेळ आहे, कृपा करून करू नका.

व्हॅक्यूमचे रबरी पाईप नुसते बघून भागत नाही. एकेक काढून बोटांत वाकवा. सरळ धरल्यावर धड दिसणारा पाईप वाकवला की तोंडाजवळ, क्लिप बसते तिथेच, उभ्या भेगा उघडतात. ब्रेक बूस्टरचा पाईप असेल तर तो क्षणभर चिमटून पाहा. आयडलिंग सुधारलं तर दोष त्या बाजूला. कार्ब्युरेटरचे नट जास्त आवळून खालची बैठक वाकलेली असते, तीही काढून स्टीलची पट्टी लावून तपासा.

उलट, आयडलिंग छान, पण साखरप्याहून आंबा घाट चढताना गाडी उपाशी पडते, तर पेट्रोल पोचत नाही. फिल्टर बदला. टाकीचं झाकण सैल करून बघा; फुस्स आवाज होऊन गाडी सुधारली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. इग्निशन कॉइलची मधली वायर काढून नीट अर्थ करा (इंजिनाच्या धातूला जोडा), पंपाचा पाईप बाटलीत सोडा आणि स्टार्टर मारा: धार ठोक्याठोक्याने, जोरात यायला हवी. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर पंपाचा डायफ्राम फाटला असण्याची दाट शक्यता. मग कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) पातळी आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) तपासा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. हवेच्या दाबानेच साफ करा.

हे सगळं ठीक निघूनही लीनच असेल, तर पेट्रोलकडे वळा. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. २० टक्के इथेनॉल मिसळलं की हा आकडा साधारण १३.५ वर येतो. जेट तेच राहिल्याने मिक्श्चर आठेक टक्क्यांनी लीन होतं. ऑक्सिजन सेन्सरवाली फ्युएल इंजेक्शनची गाडी हे सावरून घेते, कार्ब्युरेटरला ते जमत नाही. यातलं काही इथेनॉल आमच्याच उसाचं आहे, त्यावर माझा राग नाही. पण जुनी गाडी जपणाऱ्याने हा हिशेब करायलाच हवा. मेन जेट एक नंबर मोठं बसवा आणि घाट चढून आल्यावर प्लग काढून बघा: फिकट तपकिरी हवा, काळा नको. पेट्रोलचे जुने रबरी पाईपही याच वेळी बदलून टाका, इथेनॉलने ते मऊ पडतात.

आता मिक्श्चर स्क्रू. इंजिन गरम असताना, चोक पूर्ण आत ठेवून, आयडलिंग सर्वांत जास्त होईल तिथपर्यंत तो हळूहळू फिरवा, मग थ्रॉटलच्या स्क्रूने वेग खाली आणा. नंतर पीयूसी (धुराची चाचणी) काढा आणि जुन्या पावतीशी ताडून बघा. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) कमी पण एचसी (न जळलेलं पेट्रोल) वाढलेला दिसला, तर लीनमुळे मिसफायर (मिक्श्चर नीट न पेटणं) अजून चालू असल्याचा संशय घ्या आणि सिरिंज घेऊन पुन्हा पॅकिंगपासून सुरुवात करा.