बजेटमधला नवा टीव्ही: या चुका टाळा

नवा टीव्ही घरी आला की पहिल्या पंधरा दिवसांतल्या तक्रारी ठरलेल्या असतात. चित्र फाटतंय, स्कोअरची पट्टी कापली जातेय, मान अवघडतेय, ॲप उघडता उघडत नाही. बहुतेक ठिकाणी टीव्ही धडधाकट असतो, चुकलेलं असतं ते बजेट. हातात पंचवीस हजार असले की माणूस सव्वीसचा टीव्ही पसंत करतो आणि वरचे हजार कुठून तरी काढतो. मग सेट-टॉप बॉक्स जुनाच, वायरी जुन्याच, आणि प्लग जातो इस्त्रीच्या एक्स्टेन्शन बोर्डमध्ये. उलटं करा. बावीसचा टीव्ही घ्या आणि तीन हजार बाजूला ठेवा. एचडी बॉक्स, बरी एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारी), भिंतीवर टांगायचा ब्रॅकेट आणि खरा स्पाइक गार्ड (विजेचा अचानक झटका अडवणारा) एवढं त्यात आरामात बसतं.

फोरके टीव्ही, एसडी बॉक्स

टीव्ही बारीक ठिपक्यांचा आणि सेट-टॉप बॉक्स जुन्या, जाड चित्राचा: ही चूक इतक्या घरांत दिसते की आता हसूही येत नाही. डोंबिवलीतल्या एका घराचा किस्सा सांगण्यासारखा आहे. ४३ इंची फोरके सेट आला आणि तिसऱ्या दिवशी तक्रार गेली: चेहरे मेणाचे दिसतात, चेंडू दिसतच नाही, खालची बातम्यांची पट्टी अर्धी गायब. दुकानदाराने भांडण नको म्हणून सेट बदलून दिला. दुसऱ्यातही तेच. ‘या कंपनीचं पॅनलच (पडदाच) बोगस’ असं सोसायटीभर झालं. मग एका टेक्निशियनने टीव्हीच्या मागे हात घातला, तर बॉक्समधून लाल-पांढरी-पिवळी वायर आलेली. बॉक्सला एचडीएमआयचं छिद्रच नव्हतं.

२०१२-१३ मध्ये मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक या शहरांत केबल सक्तीने डिजिटल झाली. तेव्हा घरोघरी आलेले एसडी बॉक्स अजून कित्येक शोकेसमध्ये ठाण मांडून आहेत. एसडी चित्र म्हणजे ७२० गुणिले ५७६, साधारण चार लाख ठिपके. फोरके पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. आलेल्या एका ठिपक्यावर टीव्हीला वीस ठिपके भरायचे असतात. तो अंदाजाने भरतो, म्हणून चेहरे मेणाचे. ३२ इंचावर हे खपून जातं, ४३ वर जात नाही.

उपाय सोपा आहे, फक्त क्रमाने करा. केबलवाल्याकडून किंवा डीटीएच कंपनीकडून एचडी बॉक्स बदलून घ्या. एचडी चॅनल सगळे घेऊ नका, खरोखर बघता तेवढेच घ्या. बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०आय आणि आकार १६:९ करा. हे न केल्यामुळे एचडी बॉक्स असूनही अनेक घरांत माणसं जाडी दिसतात. मग टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ असा जो पर्याय असेल तो निवडा, कापलेली पट्टी परत येते.

आणि एचडीएमआय केबल लावताना दोन्हीकडचे स्विच बंद करा. ज्या घरात अर्थिंग नाही तिथे केबलच्या वायरीला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात. तोच करंट केबल खुपसताना पोर्टमध्ये उतरतो. एचडीएमआय पोर्टची चिप (आयसी) जळाली की आतल्या बोर्डावर खर्च. दोन सेकंदांचा आळस!

ज्या घरात मुख्यतः डीडी फ्री डिश चालते आणि ती बदलणार नाही, त्यांनी फोरकेच्या नादी लागू नये. ३२ इंची एचडी रेडी सेटवर ते चॅनल चांगले दिसतात आणि पैसे वाचतात. हे सांगितलं की दुकानात चेहरे पडतात, पण खरं तेच आहे.

इंच आणि फूट

पडदा कर्णात मोजतात, भिंत आडवी असते. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटीमीटर रुंद असतो, ५५ इंची १२२. टेबलावर ठेवणार असाल तर पडद्याची रुंदी नको, पायांमधलं अंतर मोजा. हल्ली पाय दोन टोकांना असतात आणि जुन्या शोकेसच्या खणात ते मावत नाहीत. मग पाय अर्धे बाहेर आणि खाली पाट लावून ठेवलेला टीव्ही, घरात लहान मूल, पुढचं सांगायला नको.

दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफ्यापासून भिंत आठेक फुटांवर असते. तिथे ४३ पुरतो, ५० चालतो. आठ फुटांवरून ४३ इंचात फुल एचडी आणि फोरके यांतला फरक डोळ्याला जेमतेम कळतो. कर वाचवायला ३२ वरच थांबायचं कारणही उरलेलं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, म्हणजे लहान सेटइतकाच.

खोक्यावरचे शब्द

‘ए प्लस ग्रेड पॅनल’ याला ग्राहकाला पडताळता येईल असा काही अर्थ नाही, पुढे चला. ‘एचडीआर’ म्हणजे जास्त उजळ आणि जास्त गडद भाग दाखवणारं चित्र; खोक्यावर ते लिहिलंय म्हणजे टीव्ही तो सिग्नल स्वीकारतो, एवढंच. तो दाखवण्याइतका उजेड स्वस्त सेटमध्ये नसतो. ‘मोशन १२०’ लिहिलं म्हणून पॅनल १२० हर्ट्झचं (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं) होत नाही, बारीक अक्षरांत ६० सापडेल. रॅम मात्र बघा. एक जीबी रॅम आणि आठ जीबी स्टोरेजचा सेट वर्षभरात रडायला लागतो. दोन जीबी रॅम घ्या. ‘अँड्रॉइड’ एवढंच लिहिलं असेल आणि आत प्ले स्टोअर नसेल तर नेटफ्लिक्ससारखी ॲप्स चालतीलच असं नाही, चालली तरी धूसर चालतात. दुकानातच रिमोट हातात घ्या, ॲप उघडा, विक्रेत्याचं भाषण नंतर ऐका. खोलीत लोक बाजूला, दिवाणावर वगैरे बसत असतील तर सेटसमोरून सरकून तिरक्या कोनातून चित्र बघा. काही पॅनलचा रंग बाजूने पार फिका पडतो.

दुकानातला उजेड घरी आणणे

पहिल्यांदा चालू करताना टीव्ही विचारतो: होम की स्टोअर? घाईत लोक काहीही दाबतात. स्टोअर मोड दुकानाच्या झगझगाटासाठी असतो. उजेड पूर्ण, रंग भडक, आणि बदललेलं सेटिंग थोड्या वेळात पुन्हा मूळपदावर. ‘सेटिंग टिकतच नाही’ ही तक्रार आली की आधी हेच तपासावं.

होम मोडमध्येही ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ ठेवून वर्षानुवर्षं बघणारे आहेत. स्वस्त सेट मरण्याचं हे पहिलं कारण. पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि त्यांतले दिवे एकामागोमाग जोडलेले असतात. पूर्ण उजेडात ते तापतात, एखादा जळतो आणि अख्खी ओळ विझते. मग आवाज येतो, चित्र नाही. अशा वेळी खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. अंधूक हलणारं चित्र दिसलं तर पॅनल शाबूत आहे, गेलाय तो बॅकलाइट. पट्ट्या बदलून मिळतात, पॅनलच्या मानाने फार कमी पैशांत. टॉर्च न मारताच ‘पॅनल गेलं’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला चहा देऊन परत पाठवा. पट्ट्या बदलाल तेव्हा सगळा संच बदला. एकच जळका दिवा बदलून शेजारचे थकलेले दिवे तसेच ठेवले तर दोन महिन्यांत टीव्ही पुन्हा दुरुस्तीला.

सेटिंग असं ठेवा: मोड ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’, बॅकलाइट दिवसा ६०-७०, रात्री ३०-४०, शार्पनेस दहाच्या आत. बऱ्याच सेटमध्ये ‘ब्राइटनेस’ आणि ‘बॅकलाइट’ वेगळे असतात. ब्राइटनेस कमी केला तर फक्त काळा रंग चिखलासारखा होतो, दिव्यांना आराम मिळत नाही. कमी करायचा तो बॅकलाइट. पहिले दोन दिवस चित्र मलूल वाटेल. डोळे सरावतात. दोन दिवस थांबवत नाही म्हणून व्हिव्हिडवर परतणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

दिवाळीची साफसफाई

दरवर्षी वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात दुरुस्तीच्या दुकानांत टीव्हींची रांग लागते. तक्रार एकच: ‘उभ्या रेषा आल्या, काहीच केलं नाही.’ काहीच केलं नाही म्हणजे काचा पुसायचा निळा फवारा पडद्यावर मारला आणि वर्तमानपत्राने खसाखसा पुसला.

आत काय होतं ते बघा. फवारलेलं पाणी पडद्यावरून ओघळत खालच्या पट्टीत शिरतं. बऱ्याच सेटमध्ये याच खालच्या कडेला, काचेला चिकटवलेल्या कागदासारख्या पातळ पट्ट्या असतात आणि त्यांवर चिप्स बसवलेल्या असतात. पडद्याच्या प्रत्येक उभ्या ओळीला सिग्नल त्यांतूनच जातो. तिथे एक थेंब पोहोचला आणि लगेच टीव्ही चालू केला, की शॉर्ट. एका पट्टीचा संपर्क गेला की पडद्याचा तेवढा उभा भाग रेषांनी भरतो किंवा काळा पडतो. या पट्ट्या काचेला यंत्राने चिकटवलेल्या असतात, डागकामाचं ते काम नाही. पट्टी बदलणारी मशिनं मोठ्या शहरांत आहेत, पण काम टिकेल याची खात्री कोणी देत नाही. नवं पॅनल घ्यायचं तर खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. आणि वॉरंटी? पाणी गेल्याची खूण आत स्पष्ट दिसते, कंपनी हात वर करते, आणि नियमाने ती बरोबर असते.

टीव्ही बंद करा, प्लग काढा, गार होऊ द्या. चष्मा पुसायच्या कापडासारखं मऊ मायक्रोफायबर कापड कोरडंच फिरवा. बोटांचे तेलकट डाग असतील तर कापडाचा कोपरा साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि वरून खाली न जाता आडवा पुसा, दाबू नका. लगेच कोरड्या बाजूने टिपा. अर्धा तास थांबून मगच स्विच. वर्तमानपत्र, स्पिरिट, साबण काही नको. झालीच चूक आणि पाणी आत गेलं, तर ‘चालू होतोय का बघू’ हा मोह आवरा. प्लग काढून दोन दिवस उभा ठेवा. बऱ्याचदा सेट वाचतो. हेअर ड्रायर तेवढा मारू नका.

भिंत

टीव्हीचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर यावा, जमिनीपासून साधारण साडेतीन फूट. ‘स्वयंपाकघरातूनही दिसावा’ म्हणून पाच-सहा फुटांवर टांगला की मानेचं दुखणं आणि फिका रंग दोन्ही विकत घेतले.

विटांच्या भिंतीत साधी गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायची प्लॅस्टिकची नळी) आणि स्क्रू पुरतो. नव्या इमारतींत आतल्या भिंती हलक्या राखाडी ब्लॉकच्या असतात, तिथे ड्रिलमधून पांढुरकी राखाडी पिठी निघते आणि लाल भुकटी येत नाही. अशा भिंतीत ड्रिलचा हॅमर (ठोके मारणारा) मोड बंद ठेवून भोक पाडा आणि लांब नायलॉन फास्टनर वापरा, साधी गिट्टी भिंतीतच गोल फिरते. पुढे ओढता येणारा ब्रॅकेट अशा भिंतीवर टाळलेलाच बरा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक नको, आतला पाइप उभा जातो.

टीव्हीच्या पाठीत जाणारे स्क्रू हाताने फिरवून बघा. लांब स्क्रू पान्याने रेटला तर आत बोर्डाला किंवा थेट पॅनलला टेकतो. हे नुकसान पुढून दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

वीज आणि पाऊस

टीव्हीच्या मागे १००-२४० व्होल्ट छापलेलं असेल तर स्टॅबिलायझरवर पैसे घालू नका. कमी व्होल्टेज तो सेट स्वतः सांभाळतो. त्याला मारते ती वीज कडाडणं आणि डांबावरचा न्यूट्रल (विजेची परतीची वायर) तुटणं, कारण न्यूट्रल गेला की घरात ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. त्यासाठी मीटरजवळच्या डब्यात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर (व्होल्टेज फार वाढलं-घटलं की वीज तोडणारा) बसवून घ्या. लाल दिव्याचा स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड म्हणजे स्पाइक गार्ड नव्हे. ढग गडगडायला लागले की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढा. नुसता प्लग काढून भागत नाही, वीज छपरावरच्या छत्रीतूनही उतरते.

कोकणात आणि गोव्यात पावसाळाभर बंद राहणाऱ्या घरांतले टीव्ही ओलीने जातात. घरात कोणी असेल तर रोज अर्धा तास चालवा. मागच्या जाळीतून पाली आणि मुंग्या आत जातात, पॉवर सप्लायवर पाल आडवी झाली की फ्यूज गेलाच.

किरकोळ, पण रोजचं

लाइट जाऊन आल्यावर एकही ॲप उघडत नसेल तर टीव्हीची तारीख-वेळ बघा, ती चुकीची असली की इंटरनेटची जोडणीच नाकारली जाते. वायफायचं नाव दिसत नसेल तर तुमचा सेट वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा आणि राउटर ५ वर असेल. रिमोट मेला की सेल संपले, ते कळत नसेल तर मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बहुतेक फोनमध्ये जांभळट ठिपका चमकतो. आवाज पोकळ वाटत असेल तर साउंडबार एआरसी लिहिलेल्या एचडीएमआयला लावा, दुसऱ्या पोर्टला लावून आवाज येणार नाही.

ऑनलाइन मागवलात तर खोकं फोडतानाचा व्हिडिओ काढा, सलग, लेबलवरच्या सीरियल नंबरसकट. त्याच दिवशी यूट्यूबवरून पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे एकरंगी पडदे लावून डाग आणि मेलेले ठिपके शोधा. बदलून मिळायची मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती पाहुण्यांना टीव्ही दाखवण्यात निघून जाते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. दुकानदार आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवायला लागले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. खोकं आणि थर्माकोल माळ्यावर ठेवा, घर बदलताना लागतील. आणि तेव्हा टेम्पोत सेट उभाच न्या, दोन गाद्यांच्या मध्ये. आडवा टाकून वर पिशव्या रचल्या की पहिल्या खड्ड्यात काच जाते, बाहेरून ओरखडाही नसतो.